उत्तम शुक्रवारचा पाठ : क्षमेचे मोल

शास्त्रपाठ : लूक २३:२६–४९. ह्यासोबत मत्तय १८:२१–३५ व प्रेषितांची कृत्ये १६:३५–४० ही वाचावी.

पाठास आरंभ करण्यापूर्वी वाचकांनी आपापले शास्त्र उघडून समोर ठेवावे. वचने येथे उतरून दिलेली नाहीत. कारण पत्रात छापलेले वचन वाचले की घरातले शास्त्र मिटलेलेच राहते, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्यावे. त्यात मुलाचाही लाभ आहे.

हा पाठ आम्ही एका शेतकऱ्याच्या प्रश्नावरून लिहीत आहो. आमच्याकडील एका खेड्यातील मंडळीत दोन चुलतभाऊ आहेत. दोघेही बाप्तिस्मा घेतलेले, आणि दोघांच्या वावरांमध्ये एकच बांध. धाकट्याने दरसाल नांगरटीच्या वेळी एकेक तास बांधात घालीत थोरल्याची दोन हात रुंदीची पट्टी हळूहळू आपल्याकडे ओढली. बोलाचाली झाली, बायकांचे एकमेकींकडे जाणे-येणे थांबले, पाण्यावरूनही कुरबुर सुरू झाली. गेल्या उत्तम शुक्रवारी उपदेशकाने व आम्ही विचार करून त्या दोघांस उपासनेत पुढे बोलाविले, क्षमेविषयी चार शब्द सांगितले, आणि सर्वांदेखत त्यांस हात मिळविण्यास लाविले. गीत झाले. पुष्कळांचे डोळे भरून आले, आणि आम्हासही मोठे समाधान वाटले. उपासना आटोपल्यावर थोरला भाऊ उपासनामंदिराच्या मागे आम्हास गाठून म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही म्हणाला म्हणून मी हात दिला. पण बांध कुठं आहे, एवढं मला सांगा."

आम्हास उत्तर सुचले नाही. त्यास आम्ही प्रार्थना करण्यास सांगितले. ज्या पाळकास उत्तर सुचत नाही तो बहुधा असेच सांगतो. पुढे वर्षभर तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही, आणि लूकाचा तेविसावा अध्याय पुनःपुन्हा वाचता वाचता आम्हास दिसून आले की, चूक त्या शेतकऱ्याची नव्हती. आम्ही क्षमेचा जो अर्थ त्यास शिकविला त्यातच ती होती.

प्रथम वधस्तंभ म्हणजे काय हे ध्यानात आणावे. आम्ही तो मंदिराच्या शिखरावर पाहतो, मुलींच्या गळ्यात पाहतो, आणि त्यामुळे त्याचे भय आमच्या मनातून गेले आहे. रोमी राज्यात ही शिक्षा बहुतेक दासांस, लुटारूंस व बंडखोरांस देत असत. इ. स. पूर्वी ७१ मध्ये दासांचे मोठे बंड मोडल्यावर सुमारे ६,००० दासांस कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्याच्या कडेने खांबांवर टांगिले. इ. स. ७० मध्ये यरुशलेमास वेढा पडला, तेव्हा पळू पाहणारे इतके लोक खिळले गेले की स्तंभांस जागा व माणसांस स्तंभ पुरेनात, असे त्या काळच्या योसेफस नामक यहूदी इतिहासकाराने नमूद केले आहे. १९६८ मध्ये यरुशलेमाजवळच्या एका जुन्या कबरेत एका माणसाच्या अस्थी मिळाल्या. त्याच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. खिळ्याचे टोक वाकले होते, म्हणून तो मृतदेहातूनही उपसता आला नसावा. ज्यास ही शिक्षा होई त्याची गणना माणसांत राहत नसे. गावच्या पाणवठ्यावरून ज्यांचे वाडवडील हाकलले गेले त्यांस हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आता लूक २३:३३ व ३४ ही दोन वचने एकापाठोपाठ वाचावी. कवटी म्हटलेल्या ठिकाणी त्यास खिळले. आणि लगेच तो आपल्या पित्याजवळ त्या खिळणाऱ्यांकरिता क्षमा मागतो. मूळ ग्रीक भाषेत येथे क्रियापद अशा रूपाचे आहे की त्यावरून क्रिया चालू होती असा बोध होतो. एकदा म्हणून तो थांबला, असे नव्हे. तो तसे म्हणत होता. हातोडा पडत होता, खाली कपड्यांसाठी चिठ्ठ्या पडत होत्या, आणि प्रार्थना चालली होती.

येथे उपदेशक बंधूंकरिता एक गोष्ट सांगून ठेवितो, कारण बाजारात कोणी शिकलेला मनुष्य ती काढील, किंवा एखाद्या नव्या भाषांतराच्या तळटीपेत ती आढळेल. चौतिसाव्या वचनातील ही प्रार्थना काही प्राचीन हस्तलिखितांत नाही. चौथ्या शतकातील वाटिकन हस्तलिखितात ती नाही. त्याच शतकातील सीनाय हस्तलिखितात लेखकाने ती लिहिली, पुढे कोणी खुणा करून ती वगळली, आणि त्यानंतर आणखी कोणी त्या खुणा काढून टाकिल्या. उलटपक्षी दुसऱ्या शतकातील इरेनियस ह्यास ही प्रार्थना ठाऊक होती. ज्यांनी प्रभूस मारिले त्यांस क्षमा मागावी हे काही नकलनविसांस सोसवले नाही, म्हणून त्यांनी ती गाळली असावी, असा कित्येक विद्वानांचा तर्क आहे. आम्हास हा तर्क खरा वाटतो, कारण ती वगळण्याची इच्छा आमच्याही मनात उत्पन्न होते. शतकानुशतके ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनी ह्याच मृत्यूचे निमित्त करून यहूदी लोकांचा छळ केला. त्यांनी ही प्रार्थना पुस्तकातून गाळली नाही, परंतु अंतःकरणातून गाळली.

प्रभूने त्यांच्याविषयी जे कारण सांगितले ते असे की, आपण काय करीत आहो हे त्यांस कळत नाही. ह्यावरून काहीजण समजतात की प्रभूने त्यांचा अपराध पुसट करून दाखविला. अजाण माणसे, त्यांस दोष कसला? परंतु दोष नसता तर क्षमा मागण्याचे कारणच नव्हते. ज्याने आमचे काही बिघडविले नाही त्यास आम्ही क्षमा करीत नसतो. क्षमा हा शब्द उच्चारण्यापूर्वी "हे वाईट झाले" असा निवाडा मनात व्हावा लागतो, आणि प्रभूच्या प्रार्थनेत तो निवाडा आहे. पेत्राने हेच पुढे केले. प्रेषितांची कृत्ये ३:१७ मध्ये तो यरुशलेमकरांस सांगतो की तुम्ही हे अज्ञानाने केले, आणि दोनच वचने पुढे त्यांस पश्चात्ताप करण्यास सांगतो.

आमची चूक येथेच झाली. त्या दोन भावांस हात मिळविण्यास सांगताना आम्ही म्हणालो होतो, "जाऊ द्या, दोन हात जमिनीचे ते काय!" हे वाक्य क्षमेचे नव्हे. ज्याची जमीन गेली त्याच्या दुःखाची आम्ही त्यात किंमत कमी केली.

मत्तय १८ मधील दृष्टांत पाहावा. तो आपण सर्वांनी अनेकदा सांगितला आहे, परंतु त्यातील हिशेब नीट मांडला आहे काय? एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे मत्तय २०:२ वरून कळते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. तेव्हा पहिल्या दासाचे दहा हजार तालांतांचे ऋण म्हणजे ६ कोटी दीनार झाले. वर्षाचे ३०० दिवस राबणाऱ्या मजुरास ते फेडण्यास २ लाख वर्षे लागतील. हे सर्व उपदेशक सांगतात, व श्रोते हसतात. परंतु दुसऱ्या दासाकडचे ऋण? शंभर दीनार. आम्ही त्यास चिल्लर म्हणून सोडून देतो. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी! आपल्या मंडळीतील एखाद्या मजुराचे शंभर दिवसांचे पैसे कोणी बुडविले तर तो चिल्लर म्हणेल काय? त्याच्या घरची चूल कित्येक दिवस पेटणार नाही. प्रभूने जाणूनबुजून ही रक्कम मोठी सांगितली, असे आम्हास वाटते. भाऊ भावाचा जो अपराध करितो तो लहान असतो म्हणून क्षमा करावी, असे त्याने शिकविले नाही. तो मोठा असतो; देवाने आम्हास जे सोडले त्यापुढे मात्र तो लहान ठरतो. आणि हे पुढले माप लावण्याचा अधिकार ज्याचे बुडाले त्याचा आहे, मध्यस्थाचा नाही.

ऋण सोडणे ह्या शब्दावरही थोडे थांबावे. ज्या ग्रीक शब्दाचा आपण क्षमा असा अर्थ करितो त्याचा साधा अर्थ सोडून देणे, हातून जाऊ देणे, असा आहे. मार्क १:१८ मध्ये शिष्यांनी जाळी सोडली तेथे तोच शब्द आहे. खेड्यात सावकाराचे खाते सर्वांस ठाऊक आहे. समजा, सावकाराने एखाद्या कुळाचे पाचशे रुपये सोडले, खात्यावर आडवी रेघ मारिली. ते पाचशे रुपये कोठे गेले? ते नाहीसे झाले नाहीत. कुळाने भरावयाचे ते सावकाराने सोसले, इतकेच. ऋण सोडणाऱ्याच्या पदरास खार लागल्यावाचून ऋण सुटत नाही. क्षमेचेही असेच आहे. आमच्या अपराधाचा भार आमच्यावरून उतरला तो हवेत विरून गेला नाही. कोणीतरी तो घेतला. वधस्तंभाकडे पाहताना हे घेणे आम्ही डोळ्यांनी पाहतो. खिळे ठोकणाऱ्यास जे सोडले जात होते ते प्रभूच्या हातापायांत उतरत होते.

यज्ञ ह्या शब्दाने शास्त्र हेच सांगते, परंतु आमच्या खेड्यांत त्या शब्दाभोवती जुन्या आठवणी आहेत. जत्रेत नवसाचे बकरे कापिले जाते ते देव कोपू नये म्हणून, किंवा कोपला असेल तर शांत व्हावा म्हणून. नव्या विश्वासणाऱ्याच्या मनात सहजच असे चित्र उभे राहते की, स्वर्गातील पिता रागावला होता, पुत्राने मध्ये पडून आपले रक्त त्यास दिले, तेव्हा तो निवळला. काही उपदेशकही अजाणता असेच रंगवितात. २ करिंथ ५:१९ हे वचन ह्याच्या अगदी उलट आहे. ख्रिस्ताच्या ठायी देव स्वतः जगाचा समेट करीत होता, असे पौल तेथे शिकवितो. बकरे माणूस आणितो; येथे देणारा देव आहे. लेवीय १६ मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे असत. एकाचा वध होई, व दुसऱ्याच्या मस्तकावर लोकांची पापे कबूल करून त्यास रानात सोडून देत. त्यातील कबुली उपदेशकांनी विसरू नये. याजक मस्तकावर हात ठेवून पापांचा उच्चार करीत असे. मुकाट्याने बकरे हाकलून देत नसे.

दुःखाविषयी एक शब्द. आमच्या मंडळ्यांत अजूनही कोणाचे मूल गेले किंवा बैल मेला की म्हातारी माणसे हळूच म्हणतात, हे मागचे भोग. प्रभूने हे स्पष्टपणे नाकारिले आहे. लूक १३:४ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांविषयी तो काय विचारतो ते पाहावे, आणि योहान ९ मध्ये जन्मांधाविषयी काय म्हणतो तेही. वधस्तंभावर जो टांगला होता त्याच्या मागच्या कोणत्या भोगाचे ते फळ होते? हा प्रश्न त्या म्हातारीस प्रेमाने विचारावा, वादाकरिता विचारू नये.

आता सर्वात कठीण भागाकडे येतो. क्षमा केली म्हणजे न्याय मागता येत नाही काय?

लूक २३ मधील दोन अपराध्यांकडे पाहावे. त्यातील एकजण कबूल करितो की आपणास योग्य तेच मिळाले आहे. प्रभूने त्यास त्याच दिवशी सुखलोकात आपल्याबरोबर असण्याचे वचन दिले. ह्याहून पूर्ण क्षमा कोणती? तथापि तो स्तंभावरून उतरला नाही. त्याची क्षमा व त्याची शिक्षा एकाच दुपारी, एकाच लाकडावर झाली, आणि तो मनुष्य एका शब्दानेही शिक्षेविरुद्ध कुरकुरला नाही. योहान १८:२३ मध्ये महायाजकासमोर एका शिपायाने चपराक मारिली तेव्हा प्रभू गप्प बसला नाही. माझे चुकले असेल तर दाखव, नाही तर का मारितोस, अशा अर्थाने त्याने त्यास विचारिले. त्याने उलट हात उगारला नाही, आणि मारणे योग्य होते असेही भासविले नाही. पौलाने फिलिप्पै येथे ह्याच रीतीने वर्तन केले. त्यास व सीलास चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकिले. दुसऱ्या दिवशी अधिकारी गुपचूप सोडू लागले तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला. ज्यांनी उघड मारिले त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले, व त्यांस यावे लागले. ज्या रात्री त्याने आपल्या तुरुंगाच्या नायकाचा प्राण वाचविला व त्याच्या घरात अन्न खाल्ले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट आहे. सूड व न्याय ह्यांतील भेद त्यास ठाऊक होता. रोमकरांस पत्र लिहिताना बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो सूड घेण्यास मना करितो, आणि तेराव्याच्या आरंभी अधिकाऱ्याच्या हाती तलवार का आहे ते सांगतो. ही दोन्ही सलग वाचावी. मध्ये अध्यायाचा आकडा पडला तो पौलाने घातलेला नाही.

आपल्याच देशातील एक गोष्ट वाचकांपैकी पुष्कळांस आठवत असेल. ग्रॅहम स्टेन्स हे १९६५ पासून ओडिशातील मयूरभंज भागात कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. जानेवारी १९९९ मध्ये क्योंझर जिल्ह्यातील मनोहरपूर गावी ते आपल्या दोन मुलांसह गाडीत झोपले असता जमावाने गाडीस आग लाविली. थोरला फिलिप दहा वर्षांचा व धाकटा तिमथी सहा वर्षांचा होता. तिघेही जळून मेले. त्यांची पत्नी ग्लॅडिस ह्यांनी मारणाऱ्यांस आपण क्षमा केल्याचे जाहीर केले, आणि मुलीसह बारिपदा येथे राहून कुष्ठरोग्यांचे काम पुढे चालविले. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

ही कथा आमच्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितली जाते. परंतु तिचा अर्धा भाग बहुधा राहून जातो. क्षमा निराळी व अपराधाचा कायद्याने होणारा विचार निराळा, असे ग्लॅडिसबाईंनी स्पष्ट ठेविले. खटला चालला, २००३ मध्ये मुख्य आरोपीस फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेप केली, व २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. बाईंनी आपल्या मनातील सूड सोडला. तो सोडणे त्यांच्या हाती होते. दुसऱ्या कोणाच्या घरची मुले अशी जळू नयेत हे पाहणे राज्याचे काम होते, आणि ते त्यांनी राज्याकडून हिरावून घेतले नाही. त्या बाईंच्या क्षमेस काय मोल पडले हे आम्ही सांगू धजत नाही. आईच तो हिशेब जाणे.

ह्यावरून उपदेशक बंधूंस आम्हास कळकळीने काही सांगावयाचे आहे, आणि ते सांगताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. क्षमेचा उपदेश नेहमी दुबळ्यासच का होतो? मजुरी बुडविणारा मालक, वाटणीत फसविणारा थोरला, दारू पिऊन घरी येणारा नवरा, ह्यांच्यापुढे आम्ही जेवतो व प्रार्थना करून निघतो. आणि ज्याचे बुडाले, जिला मार बसला, तिच्यापुढे वधस्तंभाचे वर्णन करितो. एका भगिनीने आम्हास पाठीवरचे वळ दाखविले असता, "बाई, तुझा वधस्तंभ उचल" असे एका वडिलांनी तिला आमच्या समक्ष सांगितले. आम्ही त्या वेळी बोललो नाही. आज बोलतो. प्रभूने जो वधस्तंभ उचलावयास सांगितले तो त्याच्या नावाकरिता मनुष्य आपण होऊन घेतो. योहान १०:१८ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो की आपला प्राण आपणापासून कोणी हिसकावीत नाही, आपण होऊन तो देतो. दारुड्याची मूठ हा कोणाचा वधस्तंभ नव्हे. त्या बाईस प्रथम सुरक्षित जागा पाहिजे, मंडळीच्या वडिलांनी त्या नवऱ्यास बोलावून जाब विचारिला पाहिजे, आणि जरूर तर तिच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत चालत गेले पाहिजे. क्षमेची वेळ तिची ती ठरवील. मत्तय १८ मध्ये दृष्टांताच्या आधी पंधराव्या वचनापासून काय आहे ते पाहिले आहे काय? अपराधी भावास त्याचा अपराध दाखविणे, मग साक्षीदार नेणे, मग मंडळीस सांगणे. पेत्राचा सात वेळांचा प्रश्न त्यानंतर येतो.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल, मग क्षमा उरली कोठे? ज्यास तिने कधी बोलाविले आहे त्यास हे विचारावे लागणार नाही. न्याय मिळाल्यावरही मनात विस्तव राहतो. मोजणी होऊन बांध जागेवर आला, तरी चुलतभावाच्या पिकास कीड लागली म्हणजे बरे वाटते, हे आम्ही शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकिले आहे. आणि पाळकांच्या मनातही असे बांध असतात. तो विस्तव न्यायालय विझवीत नाही. तेथे वधस्तंभाखाली उभे राहून, ज्याने आपला अपराध केला त्याचे नाव घेऊन, त्याच्याकरिता पित्याजवळ मागावे लागते, व ते एकदा मागून भागत नाही. प्रभू म्हणत होता, असे लूकाचे क्रियापद आहे. स्तेफनाने प्रेषितांची कृत्ये ७:६० मध्ये दगडांखाली तेच केले, आणि मारणाऱ्यांची वस्त्रे सांभाळीत शौल नावाचा तरुण जवळच होता.

आता त्या बांधाविषयी. ह्या वर्षी सुगीनंतर आम्ही त्या खेड्यास गेलो, व थोरल्या भावाच्या घरी बसून, गेल्या उत्तम शुक्रवारी आम्ही तुमचे दुःख हलके केले, ते आमचे चुकले, असे त्यास सांगितले. तो काही वेळ तंबाखू मळीत बसला. मग म्हणाला, "साहेब, आता आलात ते बरं झालं." त्याने मोजणीचा अर्ज दिला आहे. धाकट्यास प्रथम ह्याचा फार राग आला. सर्वांदेखत क्षमा करून आता कचेरीत जातो, असे तो गावभर म्हणत सुटला. थोरला त्याच्या दारी गेला. "क्षमा केली नसती तर कुऱ्हाड घेऊन आलो असतो. मी मोजणीवाला आणतो आहे. दगड निघेल तिथं निघेल, तुझी जागा निघाली तर मी मागं सरकेन," असे तो म्हणाल्याचे उपदेशकाने आम्हास कळविले. धाकट्याने उत्तर दिले नाही, परंतु त्या आठवड्यापासून दोन्ही घरच्या बायका पुन्हा एकत्र पाण्यास जातात. मोजणीची तारीख अद्याप लागावयाची आहे.

ह्या उत्तम शुक्रवारी त्या दोघांस पुन्हा पुढे बोलवावे काय, असे उपदेशकाने पत्र लिहून विचारिले. बोलावू नये, असे आम्ही कळविले आहे. ते जेथे बसतील तेथे बसू द्यावे, आणि लूकाचा तेविसावा अध्याय सव्विसाव्या वचनापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता व उपदेश न घालता, सावकाश वाचावा.